सूत्री विभाजनातील प्रवेश आणि प्रत्याभरण वलये

सूत्री विभाजनातील प्रवेश म्हणजे पेशीचक्रातील जी२ अवस्था संपून एम अवस्था सुरू होण्याचा टप्पा होय. प्राण्यांच्या आणि यीस्टच्या पेशींत हा टप्पा सायक्लिन बी व सीडीके१ या दोन प्रथिनांच्या जोडीमुळे घडून येतो. सायक्लिन बीचे पेशीतील प्रमाण संथपणे वाढत जाते. विभाजनाचा आरंभ मात्र संथपणे होत नाही. तो होतो तेव्हा पूर्णपणे होतो, अन्यथा मुळीच होत नाही. संथ वाढीचे अशा एकाएकी घडणाऱ्या बदलात रूपांतर करण्याचे कार्य प्रत्याभरण वलये करतात. इंग्रजी पुस्तकांतून त्यांना फीडबॅक लूप असे नाव आहे.

प्रवेशाचे स्वरूप

जी२ अवस्थेतील पेशीच्या डीएनएचे प्रतिकरण पूर्ण झालेले असते, परंतु गुणसूत्रे अद्याप केंद्रकात सैल धाग्यांच्या गुंत्याप्रमाणे पसरलेली असतात. सूत्री विभाजनात प्रवेश होताच थोड्याच अवधीत पेशीची सारी अंतर्रचना बदलते. गुणसूत्रे आखडून जाड व आखूड होतात, केंद्रकावरण विरघळते, गॉल्जी पिंडाचे तुकडे होतात आणि दोन सेंट्रोसोमांच्या दरम्यान चातीच्या आकाराची तंतूंची रचना, म्हणजे तर्कू, उभी राहते. हे सर्व बदल मुख्यतः एकाच रासायनिक क्रियेने होतात. सीडीके१ हे कायनेज वर्गातील विकर आहे, म्हणजेच ते इतर प्रथिनांना फॉस्फेट गट जोडते. केंद्रकावरणाला आतून आधार देणाऱ्या लॅमिन प्रथिनांना असे फॉस्फेट जोडले गेले की त्यांची जाळी सुटी होते. गुणसूत्रे आवळणाऱ्या कंडेन्सिन प्रथिनांना जोडले गेले की ती कार्यरत होतात. या पद्धतीने बदलल्या जाणाऱ्या प्रथिनांची संख्या शेकड्यांत आहे.

या टप्प्यावर अर्धवटपणा पेशीला परवडत नाही. प्रतिकरण अपुरे असताना गुणसूत्रे आखडू लागली तर ती जागोजागी तुटतात. केंद्रकावरण विरघळले पण तर्कू तयार झाला नाही, तर गुणसूत्रांची वाटणी चुकते. अशा चुकीने पेशी मरते, किंवा त्याहूनही अनिष्ट म्हणजे गुणसूत्रांची चुकीची संख्या घेऊन जगत राहते. म्हणून विभाजनाचा निर्णय दिव्याच्या बटणासारखा असावा लागतो. मंद-तेज करता येणाऱ्या दिव्याचा फिरता खटका येथे उपयोगाचा नाही.

प्रत्याभरण म्हणजे एखाद्या क्रियेच्या परिणामाने पुन्हा त्याच क्रियेवर प्रभाव टाकणे. सभामंडपात ध्वनिवर्धकाच्या कर्ण्यासमोर माइक आला की बारीकसा आवाज क्षणात कर्कश शिट्टीत बदलतो, हे धन प्रत्याभरण होय. इस्त्री पुरेशी तापली की तिच्यातील पट्टी वाकून वीजप्रवाह तोडते, हे ऋण प्रत्याभरण होय. विभाजनात शिरताना पेशी पहिल्या प्रकारावर अवलंबून असते आणि बाहेर पडताना दुसऱ्या.

शोधाचा इतिहास

विभाजन घडवून आणणारा एखादा पदार्थ पेशीद्रव्यात असतो, याचा ठळक पुरावा १९७० मध्ये मिळाला. भारतात जन्मलेले पोटू नरसिंह राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात मानवी हेला पेशींची एकमेकींशी जुळणी केली. त्यासाठी त्यांनी निष्क्रिय केलेला सेंदाई विषाणू वापरला. विभाजित होत असलेली पेशी आंतरावस्थेतील पेशीशी जोडली असता दुसऱ्या पेशीचे केंद्रकही तयारी नसताना विभाजनाकडे ओढले जाई आणि त्यातील गुणसूत्रे अकाली आखडत. ही दुसरी पेशी प्रतिकरणाच्या मध्यावर असेल तर तिची गुणसूत्रे चुरा झाल्यासारखी दिसत. अर्धवट तयारीने विभाजनात शिरल्यास काय होते, याचे हे प्रत्यक्ष दर्शनच होते.

त्याच सुमारास योशिओ मासुई आणि क्लेमंट मार्कर्ट हे बेडकाच्या अपक्व अंडपेशींवर काम करीत होते. प्रोजेस्टेरॉन संप्रेरकाने पक्व झालेल्या अंडपेशीतील थोडे पेशीद्रव्य त्यांनी अपक्व अंडपेशीत सुईने सोडले आणि संप्रेरकाशिवाय तीही पक्व झाली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात त्या अज्ञात पदार्थाला परिपक्वता-प्रवर्तक घटक, संक्षेपाने एमपीएफ, असे नाव देण्यात आले. अंडपेशीची पक्वता हा अर्धगुणसूत्री विभाजनाचा भाग असला, तरी हाच घटक सूत्री विभाजनही घडवितो, हे पुढे दिसून आले.

या प्रयोगांतील एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे होते. पक्व झालेल्या दुसऱ्या अंडपेशीतील पेशीद्रव्य तिसरीत, तिसरीतील चौथीत असे पुढे पुढे देत गेले, तरी त्याचा प्रभाव ओसरत नसे. प्रत्येक वेळी पेशीद्रव्य कित्येक पटींनी विरल होत असल्याने मूळ पदार्थ केव्हाच नगण्य व्हायला हवा होता. १९७५ पर्यंत असेही आढळले की, नवी प्रथिने तयार होणे औषधाने बंद केले तरी ही वाढ होतेच. याचा अर्थ असा की, अंडपेशीत एमपीएफ निष्क्रिय रूपात आधीपासून साठवलेला असतो आणि सक्रिय एमपीएफचा एक थेंब त्या साठ्याला जागे करतो. दुधाला विरजण लागावे तसा हा प्रकार होता. धन प्रत्याभरणाचा हा पहिला सुगावा होय; मात्र एमपीएफ म्हणजे नेमके कोणते प्रथिन, हे ठरण्यास आणखी तेरा वर्षे लागली.

दरम्यान एडिंबरो येथे पॉल नर्स हे शायझोसॅकॅरोमायसिस पॉम्बे या दंडाकार यीस्टचा अभ्यास करीत होते. हे यीस्ट पूर्व आफ्रिकेतील बियरमधून मिळाले होते आणि पॉम्बे हा बियरसाठी असलेला स्वाहिली शब्दच आहे. ते लांबीने वाढते आणि ठराविक लांबी गाठली की मधोमध दुभंगते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून लांबी मोजली की विभाजनाची वेळ कळते. नर्स यांना काही उत्परिवर्ती पेशी नेहमीच्या जवळजवळ निम्म्या आकाराच्या असतानाच विभाजित होताना दिसल्या. स्कॉटलंडच्या बोलीत चिमुकल्याला वी म्हणतात, त्यावरून या जनुकाचे नाव वी१ पडले. ते काम १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. वी१ बिघडले की विभाजन लवकर होते, म्हणजेच वी१ हा विभाजनाचा लगाम असला पाहिजे.

पुढे मिळालेल्या अशा अनेक उत्परिवर्तींपैकी बहुतेक सर्व वी१ चेच निघाले. एक मात्र वेगळा होता. त्याची बशी बुरशीने खराब झाली होती, म्हणून नर्स यांनी ती टाकून दिली होती आणि नंतर मन न मानल्याने परत उचलून आणली होती. हा उत्परिवर्ती सीडीसी२ या आधीच ठाऊक असलेल्या जनुकातील निघाला. सीडीसी२ निकामी झाले तर विभाजन थांबते आणि त्यात हा विशिष्ट बदल झाला तर विभाजन लवकर होते. ज्या जनुकामुळे एकच घटना थांबूही शकते आणि लवकरही होऊ शकते, ते त्या घटनेच्या नियंत्रणाच्या केंद्रस्थानी असले पाहिजे, असा निष्कर्ष यातून निघाला. १९८७ मध्ये मेलानी ली आणि नर्स यांनी मानवी पेशींतील तेच जनुक शोधून काढले. मानवाचे जनुक यीस्टमधील बिघडलेल्या जनुकाची जागा घेऊ शकत होते. या मानवी प्रथिनालाच आज सीडीके१ म्हणतात.

जोडीतील दुसरे प्रथिन १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत सापडले. सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या फलित अंड्यांतील प्रथिने टिम हंट तपासत होते. त्यांपैकी एक प्रथिन सतत वाढत जाई आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होई. त्याला सायक्लिन हे नाव मिळाले. १९८८ मध्ये मॅनफ्रेड लोहका, मरियान हेज आणि जेम्स मॉलर यांनी झेनोपस बेडकाच्या अंड्यांतून एमपीएफ शुद्ध स्वरूपात वेगळा केला, आणि तो सीडीके१ व सायक्लिन बी यांची जोडी असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. बेडूक, यीस्ट आणि सी-अर्चिन यांच्या तीन निराळ्या वाटा अशा रीतीने एका ठिकाणी आल्या. हंट व नर्स यांना लेलंड हार्टवेल यांच्यासह २००१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मासुई यांना ते मिळाले नाही. १९९८ चा लास्कर पुरस्कार मात्र त्यांना हार्टवेल आणि नर्स यांच्यासमवेत देण्यात आला होता.

सीडीके१ वरील कुलूप

सीडीके१ चे पेशीतील प्रमाण जवळजवळ स्थिर असते, पण एकट्याने ते काहीच करीत नाही. सायक्लिन बी त्याला चिकटले की ते कार्यक्षम होण्याच्या स्थितीत येते. एवढ्यावरच व्यवस्था थांबली असती, तर सायक्लिनच्या वाढीबरोबर सीडीके१ ची क्रियाही थोडी थोडी वाढत गेली असती. प्रत्यक्षात जोडी तयार होताच वी१ हे कायनेज सीडीके१ मधील पंधराव्या क्रमांकाच्या टायरोसीन या ॲमिनो आम्लाला फॉस्फेट जोडून तिला कुलूप लावते. प्राण्यांत मिट१ हे वी१ चे भावंड शेजारच्या चौदाव्या क्रमांकाच्या थ्रिओनीनलाही फॉस्फेट जोडते. त्यामुळे जी२ अवस्थेत सायक्लिन व सीडीके१ यांच्या जोड्यांचा साठा वाढत राहतो, पण कुलूपबंद.

हे कुलूप सीडीसी२५ हे फॉस्फेटेज उघडते, म्हणजे वी१ ने जोडलेले फॉस्फेट ते काढून टाकते. वी१ हा लगाम आणि सीडीसी२५ हा टाच, असे यांचे परस्परविरोधी नाते आहे. यीस्टमध्ये सीडीसी२५ जास्त झाले की विभाजन लवकर होते आणि वी१ जास्त झाले की लांबते. पॉल रसेल आणि नर्स यांनी १९८६ व १९८७ मध्ये हे दाखवून दिले, तर टायरोसीनवरील फॉस्फेटचे महत्त्व कॅथलीन गूल्ड आणि नर्स यांनी १९८९ मध्ये स्पष्ट केले.

तीन वलये

लगाम आणि टाच ही दोन्ही सीडीके१ च्याच ताब्यात आहेत, ही या यंत्रणेची खरी गोम होय. सक्रिय सीडीके१ हे सीडीसी२५ ला फॉस्फेट जोडते आणि त्यामुळे सीडीसी२५ अधिक जोमाने काम करू लागते. जितकी कुलपे उघडतील तितके सीडीके१ वाढते आणि जितके सीडीके१ वाढेल तितकी कुलपे उघडतात. हे पहिले वलय सरळ धन प्रत्याभरणाचे आहे.

दुसरे वलय वी१ मधून जाते. सक्रिय सीडीके१ हे वी१ लाही फॉस्फेट जोडते, परंतु त्याचा परिणाम उलट होतो आणि वी१ निष्प्रभ होते. सीडीके१ ला दडपणाऱ्याला सीडीके१ स्वतःच दडपते. दोन नकारांचा होकार व्हावा तसे हे दुहेरी ऋण वलय अंतिमतः धन प्रत्याभरणच ठरते. मानवी पेशींत फॉस्फेट जोडले गेलेले वी१ पुढे नष्टही केले जाते.

तिसरे वलय बराच काळ लक्षात आले नव्हते. सर्वांचे लक्ष फॉस्फेट जोडणाऱ्या कायनेजांकडे होते. जोडलेले फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फेटेजे सतत एकाच वेगाने काम करतात, ती पार्श्वभूमीचा भाग आहेत, असे गृहीत धरले गेले होते. ते चुकीचे ठरले. पीपी२ए-बी५५ हे फॉस्फेटेज आंतरावस्थेत सीडीके१ ने जोडलेले फॉस्फेट पटापट काढून टाकत असते आणि विभाजनात शिरताना ते बंद करावे लागते. ते बंद करणारे कायनेज प्रथम फळमाशीत सापडले. त्याच्या जनुकाला ग्रेटवॉल, म्हणजे चीनची भिंत, असे नाव मिळाले. सक्रिय सीडीके१ हे ग्रेटवॉलला जागे करते. ग्रेटवॉल हे एन्सा आणि एआरपीपी१९ या दोन छोट्या प्रथिनांना फॉस्फेट जोडते. आणि ती प्रथिने पीपी२ए-बी५५ ला अडकवून ठेवतात. ही साखळी २०१० मध्ये दोन संशोधनगटांनी एकाच वेळी उलगडली. सीडीसी२५ आणि वी१ यांच्यावरील फॉस्फेटही पीपी२ए-बी५५ च काढत असल्यामुळे तिसरे वलय पहिल्या दोघांना बळ देते. नळ सोडण्याबरोबर टाकीची मोरीही बंद करावी, तसा हा दुहेरी बंदोबस्त आहे.

द्विस्थिरता आणि हिस्टेरेसिस

धन प्रत्याभरण पुरेसे प्रबळ असेल तर एखादी व्यवस्था दोनच अवस्थांत स्थिर राहू शकते. मधली अवस्था टिकत नाही. या गुणधर्माला द्विस्थिरता म्हणतात. डोंगराच्या धारेवर ठेवलेला गोटा एका उतारावरून किंवा दुसऱ्या उतारावरून घरंगळतोच, धारेवर थांबत नाही, तसे हे आहे. जी२ ही एक दरी आणि सूत्री विभाजन ही दुसरी.

मार्क सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये झेनोपसच्या अंड्यांच्या अर्कात मोजूनमापून सायक्लिन मिसळले. ठराविक पातळीपर्यंत काहीच घडले नाही. ती पातळी ओलांडताच, थोड्या विलंबाने, सीडीके१ सक्रिय झाले. अर्थात उंबरठा होता. परंतु उंबरठा असणे आणि द्विस्थिरता असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हंगेरीचे बेला नोव्हाक आणि अमेरिकेचे जॉन टायसन यांनी १९९३ मध्ये या अभिक्रियांची गणिती समीकरणे मांडली आणि त्यांतून प्रयोगाने पडताळता येतील असे काही अंदाज काढले. त्यांतील प्रमुख अंदाज हिस्टेरेसिसचा होता. विभाजनात शिरण्यासाठी जेवढे सायक्लिन लागते, त्यापेक्षा कमी सायक्लिन विभाजनात टिकून राहण्यासाठी पुरेसे असावे, असे समीकरणे सांगत होती. म्हणजे मधल्या पट्ट्यातील सायक्लिनच्या एकाच प्रमाणाला पेशी कोणत्या अवस्थेत असेल, हे ती आधी कोणत्या अवस्थेत होती यावर अवलंबून राहील.

हा अंदाज पडताळला जाण्यास दहा वर्षे लागली. २००३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे तो खरा असल्याचे दाखविले. व्हर्जिनिया येथील गटात टायसन स्वतः होते, तर दुसरा गट स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स फेरेल यांचा होता. दोघांनीही नष्ट न होणारे सायक्लिन वापरले, जेणेकरून त्याचे प्रमाण संशोधकांच्या हाती राहील. व्हर्जिनियातील प्रयोगात अर्काला विभाजनात ढकलण्यासाठी सुमारे ४० नॅनोमोलर सायक्लिन लागले; विभाजनात असलेला अर्क मात्र त्याच्या जवळपास निम्म्या प्रमाणापर्यंत विभाजनातच राहिला. समीकरणांचा आणखी एक अंदाज असा होता की, सायक्लिन उंबरठ्याच्या जेमतेम वर असेल तर सीडीके१ सक्रिय होण्यास जास्त वेळ लागावा. तोही खरा ठरला. जीवशास्त्रात गणिताने आधी सांगावे आणि प्रयोगाने मागाहून होकार द्यावा, असे प्रसंग फार नाहीत.

या गुणधर्माचा पेशीला होणारा लाभ उघड आहे. पेशीतील रेणूंचे प्रमाण क्षणोक्षणी थोडेफार वर-खाली होत असते. प्रवेशाचा आणि परतीचा उंबरठा एकच असता, तर त्याच्या आसपास असलेली पेशी या हेलकाव्यांबरोबर आत-बाहेर करीत राहिली असती. दोन उंबरठ्यांमधील अंतरामुळे एकदा आत आलेली पेशी क्षुल्लक चढउतारांनी मागे फिरत नाही. पुढील संशोधनात पीपी२ए-बी५५ आणि ग्रेटवॉल यांचे वलयही स्वतंत्रपणे द्विस्थिर असल्याचे आढळले. एकमेकांत गुंतलेल्या अशा दोन खटक्यांमुळे विभाजनाचा निर्णय अधिक पक्का होतो, असे मानले जाते.

पहिली ठिणगी

वलय एकदा फिरू लागले की आपोआप वेग घेते, हे खरे. पण ते प्रथम कोणी फिरवावे? सीडीसी२५ ला सक्रिय सीडीके१ हवे आणि सीडीके१ ला सक्रिय सीडीसी२५ हवे, असा हा पेच आहे. त्याचे एकच एक उत्तर नाही. सायक्लिन बी सतत साठत गेल्याने कुलूपबंद जोड्यांची संख्या इतकी वाढते की वी१ चा पहारा अपुरा पडू लागतो. सायक्लिन ए आधीच्या अवस्थेपासून उपस्थित असते आणि त्याच्या जोड्यांवर वी१ चा अंकुश तुलनेने सैल असतो. त्यांच्यामुळे बोरा हे प्रथिन तयार होऊन ऑरोरा ए या कायनेजच्या साह्याने पीएलके१ ला सक्रिय करते, आणि पीएलके१ हे वी१ ला खाली व सीडीसी२५ ला वर ढकलते. प्रतिकरण चालू असताना एटीआर आणि चेक१ ही कायनेजे सीडीसी२५ ला दाबून ठेवतात. प्रतिकरण संपताच हा दाब उठतो. मानवी पेशींत यांपैकी कशाचा वाटा किती, हे पेशीच्या प्रकारानुसार बदलते.

डीएनएला इजा झाली असेल तर हाच दाब कायम ठेवला जातो. एटीएम व एटीआर ही कायनेजे इजा ओळखतात, चेक१ व चेक२ यांच्याद्वारे सीडीसी२५ ला निष्प्रभ करतात आणि दुरुस्ती होईपर्यंत पेशी जी२ मध्ये थांबते. या थांब्याला तपासणी नाका म्हणता येईल. ही कल्पना हार्टवेल आणि टेड वाइनर्ट यांनी १९८९ मध्ये मांडली. येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. नाका वलयाला बंद पाडत नाही, तर प्रवेशाचा उंबरठा वर उचलतो. त्यामुळे ठिणगी पडण्यापूर्वीच त्याचा उपयोग होतो. वलयाने वेग घेतल्यानंतर इजा झाली तर बहुतेक पेशी थांबत नाहीत आणि ती इजा तशीच पुढे नेतात.

पेशीभर पसरणारी लाट

नेहमीच्या पेशी काही मायक्रोमीटर रुंद असतात, म्हणून त्यांच्या एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला रेणूंच्या विसरणाने सहज पोहोचते. झेनोपसचे अंडे मात्र सुमारे १.२ मिलिमीटर व्यासाचे असते. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एवढ्या अंतरासाठी एखाद्या प्रथिनाला कित्येक तास लागतील. प्रत्यक्षात पहिल्या विभाजनानंतर हे अंडे सुमारे दर अर्ध्या तासाने विभागत जाते. मग अंड्याच्या एका बाजूला विभाजनाची वेळ झाल्याचे दुसऱ्या बाजूला कसे कळते?

याचे उत्तर जेरेमी चँग आणि फेरेल यांनी २०१३ मध्ये दिले. अंड्यांचा अर्क बारीक टेफ्लॉन नळीत भरून त्यांनी पाहिले असता विभाजन एका ठिकाणी सुरू होऊन नळीतून लाटेसारखे पुढे सरकत होते. तिचा वेग मिनिटाला सुमारे ६० मायक्रोमीटर होता आणि अंतर वाढले तरी तो मंदावत नव्हता. फटाक्यांच्या माळेत आगीचा मूळ थेंब पुढे जात नाही; प्रत्येक फटाका शेजारच्याला पेटवतो आणि शेवटचा फटाकाही पहिल्याइतक्याच जोराने वाजतो. येथेही सक्रिय सीडीके१ थोडे विसरून शेजारच्या भागाला उंबरठ्यापलीकडे नेते आणि तेथील धन प्रत्याभरण उरलेले काम स्वतः करते. चेतातंतूतील विद्युत संदेशही याच तत्त्वावर धावतो.

आकाराने लहान असलेल्या मानवी पेशीत अवकाशाचा निराळा प्रश्न असतो. सायक्लिन बी१ जी२ मध्ये मुख्यतः पेशीद्रव्यात असते. सीडीके१ सक्रिय होताच ही जोडी वेगाने केंद्रकात शिरते आणि हा प्रवेशही सीडीके१ च्याच क्रियेने वाढतो, असे आढळले आहे. एका जागी एकवटल्याने वलय आणखी तीव्र होते. हे एक प्रकारचे स्थलगत धन प्रत्याभरण होय.

बाहेर पडण्याची सोय

केवळ धन प्रत्याभरण असते तर पेशी विभाजनात शिरून तेथेच अडकली असती. सीडीके१ स्वतःच्या नाशाचीही तजवीज करते. ते एपीसी या प्रथिनसंकुलाला कार्यरत होण्यास मदत करते. एपीसी हे सायक्लिन बीवर युबिक्विटिनची खूण करते आणि अशी खूण झालेले सायक्लिन नष्ट केले जाते. हंट यांना सी-अर्चिनच्या अंड्यांत सायक्लिन एकाएकी नाहीसे होताना दिसले ते यामुळेच. अँड्र्यू मरे आणि मार्क कर्शनर यांनी १९८९ मध्ये नष्ट न होणारे सायक्लिन अर्कात घातले तेव्हा तो अर्क विभाजनातच अडकून राहिला. हे ऋण प्रत्याभरण विलंबाने सुरू होते आणि हा विलंब आवश्यक असतो. अन्यथा विभाजनाचे काम होण्यापूर्वीच सायक्लिन संपून गेले असते.

फेरेल यांच्या गटाने २००५ मध्ये कुलूप न लागणारे सीडीके१ वापरून धन प्रत्याभरण अर्कातून जवळजवळ काढून टाकले. उरलेल्या ऋण प्रत्याभरणामुळे आंदोलने झाली, पण ती क्षीण होत जाऊन विरली. चक्र चालू ठेवण्याचे काम ऋण प्रत्याभरणाचे असले, तरी त्याला धार आणि टिकाऊपणा धन प्रत्याभरणाने येतो, असा या प्रयोगाचा अर्थ लावला जातो.

वलये अपरिहार्य आहेत काय?

पाठ्यपुस्तकांतील चित्रे पाहता या वलयांशिवाय पेशी जगूच शकणार नाही, असा समज होतो. तो सरसकट खरा नाही. दामियां कुद्रूज आणि पॉल नर्स यांनी २०१० मध्ये पॉम्बे यीस्टमध्ये सायक्लिन व सीडीके१ यांचे एकच जोडप्रथिन तयार केले आणि पुढे त्यातील वी१ च्या कुलपाची जागाही बदलून टाकली. लगाम व टाच दोन्ही निरुपयोगी झाल्या, तरी यीस्टच्या पेशी जगल्या आणि विभागत राहिल्या. त्यांच्या आकारांत मात्र नेहमीपेक्षा अधिक तफावत दिसली. सीडीके१ ची पातळी कमी-अधिक होणे एवढेच चक्राच्या क्रमासाठी पुरेसे ठरू शकते, असे यातून दिसते. प्राण्यांत ही सवलत नाही. हेला पेशींत कुलूप न लागणारे सीडीके१ घातले असता त्या अकाली व पुनःपुन्हा विभाजनाच्या अवस्थेत शिरतात, तर त्याच बदलाने उंदराचे गर्भ जन्मापूर्वीच मरतात. यीस्टमध्ये केंद्रकावरण विभाजनाच्या वेळी विरघळत नाही, त्यामुळे अर्धवट प्रवेशाची किंमतही तेथे कमी असावी.

वैद्यकीय महत्त्व

अनेक कर्करोगांत पी५३ हे प्रथिन निकामी झालेले असते. त्यामुळे इजा झालेली पेशी जी१ अवस्थेत थांबू शकत नाही आणि जी२ मधील तपासणी नाक्यावर, म्हणजे पर्यायाने वी१ च्या कुलपावर, तिची भिस्त वाढते. हे कुलूपही काढून घेतले तर अशी पेशी प्रतिकरण अपुरे असतानाच विभाजनात ढकलली जाते आणि तिच्या गुणसूत्रांचे तुकडे होतात. राव आणि जॉन्सन यांनी जोडपेशींत पाहिलेला चुरा येथे उपचार म्हणून घडवून आणण्याचा हा प्रयत्न होय. वी१ ला रोखणाऱ्या ॲडाव्होसर्टिब या औषधाच्या चाचण्या अंडाशयाच्या व इतर कर्करोगांच्या रुग्णांवर झाल्या असून चेक१ आणि एटीआर यांना रोखणारी औषधेही तपासली जात आहेत. मुख्य अडचण निरोगी पेशींची आहे. अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर येथील पेशी सतत विभागत असतात आणि त्यांनाही वी१ लागते, म्हणून रक्तपेशी घटणे व जुलाब हे या उपचारांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. प्रतिकरणाच्या ताणाखाली आधीच वाकलेल्या अर्बुदपेशी कोणत्या, हे उपचारापूर्वी ओळखता यावे यासाठी सायक्लिन ई जास्त प्रमाणात असणाऱ्या अर्बुदांवर सध्या विशेष लक्ष दिले जात आहे.